पानं, चिखल आणि दोन वर्षांचं पोर: तुमच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात आपण विचारलं होतं की एक ते तीन वर्षांच्या पोराला घेऊन झाडाखाली, अंगणात, गच्चीत पानाफुलांचं काहीतरी बनवायला बसलात तर नक्की अडतं कुठं. मेल आले, व्हॉट्सअ‍ॅप आले, एका आजोबांनी तर आंतर्देशीय पत्र पाठवलंय, घडीच्या आतपर्यंत बारीक अक्षरात भरलेलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत. आधीच सांगते, शाळेतल्या मुलांसाठी असतं तसं 'टाकाऊतून टिकाऊ' इथं मिळणार नाही. दोन वर्षांच्या पोराकडून शोभेची वस्तू निघत नसते, आणि निघालीच असेल तर ती आईनं रात्री बसून केलेली असते.

प्रश्न: ताई, माझी मुलगी २२ महिन्यांची आहे. इन्स्टावर बघून पानांचं घुबड, काड्यांची फोटोफ्रेम असं सगळं सामान घेऊन मी खाली सोसायटीच्या बागेत बसते पण ती दोन मिनिटांत पानं फाडते, गम हाताला फासते, उरलेलं तोंडात टाकते आणि मांजरामागे पळते. तिला इंटरेस्टच नाही का? की मीच लवकर सुरू केलं? (एक आई, कोथरूड)

उत्तर: तिला भरपूर इंटरेस्ट आहे, फक्त घुबडात नाहीये. घुबड तुम्हाला हवंय. या वयात पोरांना गोळा करायचं असतं, ओतायचं असतं, फाडायचं, चुरडायचं, एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात टाकायचं आणि परत काढायचं असतं, आणि वाळलेलं बदामाचं पान चुरडल्यावर जो कुर्रकुर्र आवाज येतो त्यासाठी ती दहा पानं चुरडेल आणि अकराव्यालाही तितकीच खूश होईल. म्हणजे जे काम ती स्वतःहून करतेय त्यालाच आपण कलाकुसर म्हणायचं, बस.

मग त्या कामाला पुरेल एवढंच सामान न्या. एक दांड्याची पिशवी किंवा जुनी परडी. मास्किंग टेपचा एक पट्टा तिच्या मनगटाभोवती सैलसर गुंडाळा, चिकट बाजू वर, आणि सोडून द्या. जे सापडेल ते ती त्यावर चिकटवत जाते, दुर्वेची काडी, पारिजातकाचं फूल, अर्धी पाकळी, कधीकधी मुंगीसुद्धा, तेवढी काढून टाका. फेरी संपली की झालं तिचं कडं तयार, कात्रीनं कापून काढायचं. अगदी तसंच एका पुठ्ठ्यावर डबल टेप लावून फोटोफ्रेमही होते पण आग्रह नाही. गमऐवजी घरची खळ न्या, दोन चमचे मैदा पाण्यात कालवून शिजवायचा, घट्ट झाला की गार करायचा. हाताला फासली तरी धुऊन जाते आणि चाटली तरी काही बिघडत नाही.

दुसरं म्हणजे नुसतं पाणी. एक वाटी पाणी आणि रंगाचा जुना रुंद ब्रश द्या, फरशीवर, दगडावर, झाडाच्या खोडावर 'रंगवू' दे. ऑक्टोबरच्या उन्हात ते लगेच वाळतं आणि ती परत रंगवते, सामान संपतच नाही. तिसरं, चिखल. गोळा करून झाडाच्या खोडाला थापायचा, त्यात पानं, काड्या, पाकळ्या खोचायच्या, त्याला डोळे करायचे की नाही ते तिच्यावर. खोडावरचा राक्षस दोन दिवस तसाच राहतो आणि येताजाता त्याला नमस्कार करायचा कार्यक्रमही होतो.

आता तोंडात टाकण्याचं, कारण ते खरंच महत्त्वाचं आहे. टॉयलेट पेपरच्या रोलमधलं पुठ्ठ्याचं नळकांडं खिशात ठेवा. जी वस्तू त्यातून आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही, मग तो चिंचोका असो, सागरगोटा, गुलमोहराची बी, छोटा खडा किंवा रुद्राक्ष. गंमत बघा, आपल्याकडची निम्मी 'निसर्गातली खेळणी' या एका परीक्षेत नापास होतात. मोठं पान, मूठभर जाडीची काडी, नारळाची करवंटी, अख्खी वाळलेली गुलमोहराची शेंग, हे सगळं पास. ती शेंग तर बनवून आलेला खुळखुळाच आहे, हातभर लांब, फक्त फटीतून बिया बाहेर येत नाहीत ना एवढं बघून द्या.

प्रश्न: आम्ही लहानपणी गावात पिंपळाच्या पानाची पिपाणी, मोगली एरंडाच्या चिकाचे फुगे, बिट्ट्यांचा खेळ, गुंजांच्या माळा असं काय काय करायचो. नातू आता अडीच वर्षांचा झाला, पुण्याहून दिवाळीला येईल. त्याला यातलं काय काय शिकवता येईल? (एक आजोबा, वाई)

उत्तर: आजोबा, तुमच्या पत्रात एक यादी आहे आणि त्या यादीचे सरळ दोन तुकडे करावे लागतील, रागावू नका.

आधी नको ते. गुंज नकोच. दिसायला लालभडक आणि काळ्या टिकलीची म्हणून पोरं आधी तिच्याकडेच झेपावतात, आणि तिच्यात अ‍ॅब्रिन नावाचं अतिशय जालीम विष असतं. अख्खी गिळली तर कठीण सालीमुळे बऱ्याचदा तशीच बाहेर पडते पण चावली गेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर जिवावर बेतू शकतं. बिट्टी म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं फळ, तिच्या बियांतल्या द्रव्यांचा थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. तुम्ही खेळलात, काही झालं नाही, खरंय, पण तुम्ही सात-आठ वर्षांचे होतात आणि तोंडात घालायचं नाही हे कळत होतं. मोगली एरंडाचे फुगे सुंदर दिसतात, उन्हात इंद्रधनुष्य चमकतं त्यांच्यावर, पण त्याच झाडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात म्हणून मुलं खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात भरती होतात, अशा बातम्या आपल्याकडे वरचेवर येतात. नातवाला त्या झाडापाशी खेळ असतो हे माहीतच नको. फुगेच काढायचे तर रिठे भिजवून फेस करा आणि तारेची गोल कडी करून हवेत फिरवा, फुंकायचं काम तुमचं, त्याचं काम मागे पळून फोडायचं. डोळ्यात गेलं तर झोंबतं, एवढं सांभाळा, आणि भिजवलेले रिठे त्याच्या हाताला लागू देऊ नका.

आता हवं ते, आणि ते भरपूर आहे. पिंपळाच्या पानाची पिपाणी तुम्ही करा, वाजवायचा प्रयत्न त्याला करू दे, नुसती थुंकी उडेल आणि तो खदखदून हसेल. नारळाच्या पातीची भिंगरी करा, हिराची काडी अडकवून, पण ती काडी टोकदार असते म्हणून भिंगरी तुमच्या हातात आणि वाऱ्याकडे तोंड करून पळायचं त्यानं. पातीचं घड्याळ, पातीचा चष्मा, हे तर घालून मिरवायला उत्तम. वडाची किंवा फणसाची पानं काडीनं टाचून द्रोण करा, टाचणं तुमचं, त्यात माती भरणं त्याचं. बागेतल्या पाटाच्या पाण्यात किंवा बादलीत तो द्रोण सोडायचा, त्यात एक फूल प्रवासी म्हणून बसवायचं, बुडाला की दुसरं. तुमच्याकडे वाईला कृष्णेचा घाट आहे पण अडीच वर्षांच्या पोराला त्यासाठी घाटावर नेऊ नका, बादली बरी.

आणि करताना हात हळू चालवा. पोरांना वस्तूपेक्षा तुमची बोटं बघण्यात जास्त रस असतो.

प्रश्न: आमच्या सोसायटीत बिल्डरनं भरपूर झाडं लावलीयेत पण मला एकाचंही नाव माहीत नाही. मुलगा दीड वर्षाचा. कुठल्या झाडाला हात लावू द्यायचा आणि कुठल्या नाही? शिवाय फूल तोडलं की वॉचमन शिट्टी मारतो. (एक बाबा, ठाणे)

उत्तर: वॉचमन बरोबर आहे, त्याला दोष देऊ नका. पडलेलंच उचलायचं हा नियम एकदा केला की पोरगंही शिकतं आणि शिट्टीही वाजत नाही. बागेत पडलेलं इतकं असतं की तोडायची गरज पडत नाही.

सोसायट्यांमध्ये हमखास दिसणारी आणि लांब ठेवायची झाडं सांगते. लाल-गुलाबी-पांढरी कण्हेर, रस्त्याच्या दुभाजकापासून गेटपर्यंत सगळीकडे असते कारण तिला फारसं पाणी लागत नाही आणि गुरं खात नाहीत, ती का खात नाहीत याचा विचार केला की उत्तर मिळतं, पानापासून काडीपर्यंत सगळी विषारी. वर सांगितलेली बिट्टी. लॉबीत कुंडीत ठेवतात तो डायफेनबाकिया, मोठ्या हिरव्या पानांवर पांढरे ठिपके असतात तो. त्याच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कच्च्या अळूनं घसा खाजतो ना, तेच, पण याचा त्रास कितीतरी जास्त, तोंड-जीभ सुजते. कुंपणाची टणटणी म्हणजे घाणेरी, तिची कच्ची हिरवी फळं. रुईचा चीक, डोळ्यात गेला तर डोळ्याला खरोखरची इजा होते. धोत्रा तर आहेच. आणि कडेच्या मोकळ्या जागेत गाजर गवत असेल तर तिथं बसूच नका, अंगावर पुरळ उठतं.

एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. गणपतीच्या २१ पत्रींमध्ये बहुतेक याद्यांत धोत्रा, कण्हेर आणि रुई असतेच, आणि विसर्जनानंतर ते सगळं निर्माल्य आपण परडीत खाली ठेवून देतो, रांगणाऱ्या पोराच्या उंचीवर. पुढच्या वर्षी लक्षात ठेवा.

बिनधास्त खेळायला द्यायची: जास्वंद, झेंडू, पारिजातक, आंबा, जांभूळ, बदाम, आपटा, कांचन, केळ, तुळस, गवती चहा. नुसती फुलं कागदावर घासायला द्या. झेंडू पिवळा उमटतो, जास्वंद जांभळट, आणि जास्वंदीच्या डागावर लिंबू पिळलं की तो लालसर होतो, यावर दीड वर्षाचं पोर फारसं काही म्हणणार नाही पण बाबाला मजा येईल. एवढं मात्र बघा की त्या दिवशी औषध फवारलेलं नाही, माळीकाकांना विचारलं की सांगतात.

आणि चुकून काही खाल्लंच तर तोंडातलं बोटानं काढा, तोंड पाण्यानं पुसून घ्या, उलटी करवू नका, मीठपाणी वगैरे पाजू नका, त्या झाडाची फांदी पिशवीत घेऊन थेट दवाखाना, लांब असेल तर १०८. फांदी न्यायचीच, डॉक्टरला 'कुठलंतरी हिरवं पान होतं' यातून काही कळत नाही.

प्रश्न: चौदावा मजला, खाली फक्त पार्किंग. निसर्ग आणायचा कुठून? रविवारी नॅशनल पार्कातून पानं-बिया आणल्या तर चालतं का? (एक आई, मुंबई)

उत्तर: चालत नाही. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान काय किंवा कुठलंही अभयारण्य काय, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तिथलं काही उचलून आणायचं नसतं, वाळलेलं पान असलं तरी. तिथं जाऊन तिथंच मांडा, पाच पानं लहान ते मोठी अशी ओळीत, काड्यांचं घर, दगडांची उतरंड, फोटो काढा आणि सोडून या.

रोजच्यासाठी फुटपाथ पुरतो. मुंबईत पर्जन्यवृक्ष, बदाम, पिंपळ, सोनमोहर इतके आहेत की सकाळी झाडू लागायच्या आधी दहा मिनिटं खाली उतरलात तर पिशवी भरते. सायन-धारावीच्या मध्ये मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, पूर्वी तिथं शहराचा कचरा टाकायचे, आज दाट झाडी आहे, एखाद्या सकाळी जाऊन या. आणि मंडई विसरू नका. मक्याची सालं आणि केसर, केळीचं पान, मटाराच्या शेंगा, मुळ्याचा पाला, भेंडीचा कापलेला देठ हळदीच्या पाण्यात बुडवून उमटवला की फुलंच फुलं होतात. भाजीवाल्या मावशी पाला फुकट देतात, लहान मूल कडेवर असेल तर जास्तच देतात.

प्रश्न: मोठा सात वर्षांचा, धाकटी सव्वादोन. दिवाळीत दोघांनी मिळून किल्ला करावा अशी माझी फार इच्छा आहे पण गेल्या वर्षी धाकटीनं चालायला शिकल्या शिकल्या बुरुजावर बसून घेतलं आणि घरात महाभारत झालं. (एक आई, नाशिक)

उत्तर: एका किल्ल्यावर दोन राजे होत नाहीत. दोन किल्ले करा. मोठ्याचा भिंतीकडेला, विटा-दगड रचून वर गोणपाट आणि त्यावर माती, बुरुज, दरवाजा, चोरवाट, सगळं त्याच्या मनासारखं. धाकटीचा त्यापासून चार हात लांब, नुसता मातीचा ढीग, आणि त्याला किल्लाच म्हणायचं, ढीग म्हणायचं नाही. ती त्यावर बसेल, उतरेल, करवंटीनं खणेल, परत बसेल. तिचा किल्ला रोज पडतो आणि रोज होतो, तिला यात काहीही गैर वाटत नाही.

पण मोठ्याच्या किल्ल्यावर तिला एक खरं काम द्या, पेरणीचं. वरचा थर चाळलेल्या मातीचा असला की आळीव किंवा मोहरी तिच्या मुठीत द्या आणि फेकू दे, ती जशी फेकेल तशीच ती शेती उगवणार. वरून हातानं पाणी शिंपडायचं, मग जे चिकटून बसतं ते बसतं. आळीव एक-दोन दिवसांत फुटतं आणि आठवड्याच्या आत डोंगर हिरवा दिसायला लागतो, मोहरीला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून वसुबारसेच्या साधारण आठवडाभर आधी पेरा. रोज सकाळी उठून 'आलं का?' बघायला जाणं हा सगळ्या किल्ल्यातला तिच्यासाठी सगळ्यात भारी भाग असेल, आणि पाणी घालायचं काम तिचंच, भले निम्मं तिच्या पायावर पडो. फक्त वाटी छोटी द्या, नाही तर महाराजांच्या सिंहासनासकट दरड कोसळते.

मावळे, तोफा, गवळणी ही चित्रं मात्र तिच्या हाताला येतील अशी मांडू नका. छोटी असतात, रंग निघतो, आणि तलवारीचं टोक तिला चावून बघायचंच असतं. तिच्या किल्ल्यावर नळकांड्यातून आरपार जाणार नाही एवढा दगड महाराज म्हणून बसवा. मोठा हसेल, हसू दे.

प्रश्न: सासूबाई म्हणतात मातीत खेळवून जंत होतील, सर्दी होईल. रोज वाद. (एक सून, कोल्हापूर)

उत्तर: जंतांचं त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. कुत्र्या-मांजरांनी घाण केलेली माती नको, खेळताना पायात चप्पल हवी, नखं कापलेली हवीत आणि नंतर साबणानं हात धुवायचेच. वर्षाच्या पुढच्या मुलांना अंगणवाडीतून वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, ती चुकवू नका, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धीच असते. सर्दी मातीनं होत नाही. आणि सासूबाईंना पायरीवर खुर्ची टाकून बसवा आणि त्यांना लहानपणी भोंडल्याला, नागपंचमीला काय काय करायचात ते विचारा, परवा तुमच्याआधी त्याच चिखल कालवत असतील.

प्रश्न: आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी दोन वर्षांची. इथं शरद ऋतूत सगळे चेस्टनटची माणसं वगैरे बनवतात, आम्हाला इथली झाडंच ओळखता येत नाहीत, आणि उचललेलं चालतं की नाही तेही माहीत नाही. (एक बाबा)

उत्तर: उचललेलं चालतं, तिथल्या निसर्गसंरक्षण कायद्यात त्यासाठी खास सूट आहे, स्वतःपुरती, एका हातात मावेल एवढी पानं-फुलं-फळं घ्यायची, संरक्षित क्षेत्रातून मात्र नाही. तिथले लोक याला 'हँडस्ट्राउसरेगेल' म्हणतात, शेजाऱ्यांशी बोलायला बरा शब्द आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर जे चकचकीत तपकिरी गोळे पडतात ते हॉर्स चेस्टनट, ते खायचे नाहीत. बाजारात भाजलेले मिळतात ते वेगळे, त्यांना टोकाला छोटी शेंडी असते आणि बाहेरचं टरफल दाट केसाळ काट्यांचं असतं. माणसं बनवायला भोकं पाडून काड्या खोचाव्या लागतात, ते तुम्ही करा. तिच्यासाठी बुटाच्या खोक्यात कागद अंथरा, दोन-तीन मोठे चेस्टनट रंगात बुडवून आत टाका आणि खोकं तिच्या हातात द्या, ती हलवेल तशा रेघा उमटतात. हातात सुटे देऊ नका, नळकांड्याची परीक्षा तिथंही तीच. मेपलच्या पंखवाल्या बिया असतात ना, त्यांचं जाड टोक मधोमध उकललं की आत चिकट असतं, ते नाकावर चिकटवायचं, तिथली सगळी पोरं हे करतात आणि मोठी माणसं पण. पानांचा मुकुट, वाळक्या पानांच्या ढिगात उडी, हे तर फुकटात.

ओळखायचंच असेल तर आधी एक झाड ओळखायला शिका, आयबे. कुंपणाला आणि दफनभूमीत असतं, सुईसारखी मऊ गडद पानं आणि लालचुटुक पेल्यासारखी फळं. त्याची पानं आणि बी दोन्ही प्रचंड विषारी. आणि बाडेन-व्युर्टेमबर्गचा जवळपास सगळा भाग गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याच्या नकाशात येतो, म्हणून जंगलातून आलं की काखा, मान, कानामागे, गुडघ्यामागे बघायचं आणि लसीचं तिच्या डॉक्टरांना विचारायचं. तीन वर्षांची झाली की तिथल्या जंगल-बालवाडीचा पण विचार करा, बालवाडीचा जवळपास सगळा वेळ मुलं झाडीतच असतात, पावसातसुद्धा.

प्रश्न: मी अंगणवाडी सेविका आहे. वरचे अधिकारी क्राफ्टचे फोटो पाठवा म्हणतात, सामानाला पैसे येत नाहीत. आमच्याकडे पाड्यावर झाडं मात्र भरपूर. (एक ताई, पालघर जिल्हा)

उत्तर: ताई, तुमच्याच जिल्ह्यातून तर हे सगळं सुरू झालंय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ, पुढं १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि महागडी परदेशी साधनं खेड्यात कुठून आणायची हा तुमचाच प्रश्न त्यांना पडला होता. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड, माती हीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणशाळा काढली. सरकारी अंगणवाडी योजना १९७५ ची, म्हणजे त्यानंतर कितीतरी वर्षांनी. फोटो मागणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही.

तुमच्या तीन ते सहाच्या मुलांना जास्त जमतं. पळसाच्या पानांची पत्रावळ आज्या शिकवतील, एका आजीला बोलवा. सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाची बोटं उमटवू द्या. पानांची रांगोळी, हिरवी, पिवळी, तपकिरी अशी रंगानं लावून, फोटोला हीच सगळ्यात भारी दिसते. पालापाचोळ्याच्या ढिगात मात्र मुलांना हात घालू देऊ नका, आधी काठीनं हलवून घ्या, घोणस अगदी पाचोळ्याच्याच रंगाची असते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

प्रश्न: रोजचं गोळा केलेलं घरी येतं, टाकू देत नाही, मुंग्या झाल्यात. काय करू? (बरेच आईबाबा, ठिकठिकाणी)

उत्तर: दारात एक टोपली ठेवा, जेवढं त्यात मावेल तेवढंच घरात, नवीन आलं की जुनं कुंडीत. बिया-शेंगा दोन दिवस कडक उन्हात ठेवा नाही तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये, किडे मरतात. ओली पानं जुन्या वर्तमानपत्रात घालून गादीखाली.

थोडी मोठी मुलं असतील तर त्यातल्या चांगल्या पानांच्या दोन गोष्टी होतात. जुन्या सुती धोतराचा किंवा पंचाचा तुकडा तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवा, घडीत ताजं कोवळं पान ठेवा, शेवग्याचं किंवा झेंडूच्या पाकळ्या, आणि वरून लाकडी बत्त्यानं ठोकायचं, पानाचा रस कापडात उतरतो आणि घडी उघडली की दोन्हीकडे जोडीचा ठसा. ठोकायला पोरं एका पायावर तयार, तुम्ही बोटं तेवढी सांभाळा. खालच्या मजल्यावरचे वैतागतील म्हणून हे बाहेर पायरीवर. धुतल्यावर फिकं होतं, तुरटीमुळे थोडं टिकतं इतकंच. दुसरं, पिंपळपानाची जाळी. पानं बादलीत पाण्यात बुडवून ठेवायची, दोन ते चार आठवडे, पाणी अधूनमधून बदलायचं, मग जुन्या मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं गर काढायचा. वास येतो, चांगलाच येतो, आणि पाणी साठलं की डास, म्हणून बादलीवर घट्ट कापड बांधून गच्चीत ठेवा, आणि दोन वर्षांचं पोर घरात असेल तर ती त्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कारण वीतभर पाण्याची बादलीसुद्धा त्या वयाला धोक्याची असते.